घोट्याच्या सांध्यात शिरताना

घोट्याच्या सांध्यावरील दुर्बिणीची शस्त्रक्रिया, जिला रुग्णही आता आर्थ्रोस्कोपी याच नावाने ओळखू लागले आहेत, तिचे सारे कौशल्य सांध्याच्या आतल्या कामात असते असा समज आहे. परंतु हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या शल्यचिकित्सकाचा अनुभव असा की खरा धोका सांध्याच्या आत नसून कातडी आणि सांध्याचे आवरण यांच्यामधल्या पातळ थरात असतो. दुर्बीण एकदा आत पोचली म्हणजे कूर्चा, हाड, सुजलेले अस्तर हे सर्व पडद्यावर मोठे होऊन दिसते आणि हाताला डोळ्यांची सोबत मिळते. मात्र तिथे पोचेपर्यंतचे काही मिलिमीटर न पाहताच ओलांडावे लागतात, आणि पावलाला संवेदना पुरवणारे मज्जातंतू नेमके याच थरातून खाली उतरतात. म्हणून घोट्याच्या आर्थ्रोस्कोपीचा अभ्यास हा आधी मज्जातंतूंच्या वाटांचा अभ्यास असतो, आणि शस्त्रक्रिया निर्धोक होणार की नाही याचा बराचसा निकाल दुर्बीण आत जाण्यापूर्वीच लागलेला असतो.

ज्या रुग्णांविषयी हे लिखाण आहे त्यांचा मुलूख असा: नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्ण्याच्या पुढे, सातपुड्याचा चढ जवळ येतो तिथे, तिगाव हे स्थानक लागते. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके आज मध्य प्रदेशात आहेत आणि २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. तरी घराघरांत मराठी बोलली जाते, शेतात संत्रा आणि कापूस आहे, आणि मोठ्या दुखण्याला नागपूर गाठायचे ही रीत १९५६ पूर्वीची, म्हणजे नागपूर हेच जुन्या मध्य प्रदेशचे राजधानीचे शहर होते तेव्हापासूनची आहे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया खेड्यात होत नाही, ती नागपुरात होते. पण ज्या घोट्यावर ती होते तो घोटा धुऱ्यावरून चालताना मुरगळलेला असतो, संत्र्याच्या तोडीच्या वेळी शिडीवरून उतरताना लचकलेला असतो, किंवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी होणाऱ्या गोटमारीत त्यावर दगड बसलेला असतो. शल्यचिकित्सकाच्या टेबलावर येणारे पाऊल कोणत्या जमिनीवर चालते आणि कोणत्या बैठकीत बसते हे ठाऊक असणे, त्याची शरीररचना ठाऊक असण्याइतकेच आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

अशा रुग्णाची तक्रार बहुधा ठरावीक असते. मुरगळलेला पाय चोळून, शेकून, पट्टी बांधून महिनाभरात बरा झाल्यासारखा वाटतो, सपाट रस्त्यावर चालताही येते, परंतु निंदणाला उकिडवे बसले की घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी अडते आणि कळ येते. उकिडवे बसताना नडगी पावलावर पुढे झुकते आणि नडगीच्या हाडाची, म्हणजे टिबियाची, खालची पुढची कड टॅलस या पावलाच्या वरच्या हाडाकडे सरकते. या फटीत जुन्या दुखापतीमुळे जाड झालेले अस्तर किंवा हाडाचे वाढलेले टोक असेल, तर ते दोन हाडांत चिमटले जाते. पाश्चात्त्य वैद्यकीय ग्रंथांत हा विकार फुटबॉलपटूंचा म्हणून प्रसिद्ध झाला, पण उकिडवे बसूनच ज्यांचे शेत, चूल आणि शौच चालते त्यांना तो खेळाडूपेक्षा अधिक जाचतो. दुर्बिणीतून हे अस्तर काढता येते, वाढलेले हाड घासता येते, टॅलसवरील कूर्चेचा सुटलेला तुकडा उचलता येतो. आणि हे सर्व जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या दोन छिद्रांतून होत असल्याने रुग्ण लवकर उभा राहतो.

या सांध्याने दुर्बिणीला सहजासहजी प्रवेश दिला नाही. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ साली मृतदेहांच्या निरनिराळ्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली तेव्हा घोट्याचा सांधा फार अरुंद असल्याने या तपासणीस योग्य नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. १९३९ मध्ये जपानच्या केन्जी ताकागी यांनी घोट्यासाठी पद्धतशीर तंत्र मांडले, आणि त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९७२ साली २८ घोट्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. मधल्या काळात दुर्बिणी बारीक झाल्या. आज घोट्यासाठी ४ किंवा २.७ मिलिमीटर जाडीची, ३० अंशांतून तिरकी पाहणारी दुर्बीण वापरली जाते, त्यामुळे बर्मन यांना जाणवलेली अडचण बरीचशी दूर झाली. परंतु दुर्बीण कितीही बारीक झाली तरी कातडीखालचे मज्जातंतू जिथे होते तिथेच आहेत.

घोट्याजवळून पाच मज्जातंतू पावलात जातात. त्यांपैकी चार मांडीमागून येणाऱ्या मोठ्या सायॅटिक मज्जातंतूपासून निघतात आणि पाचवा, सॅफेनस, मांडीच्या पुढच्या बाजूच्या फेमोरल मज्जातंतूचा फाटा आहे. टिबियल मज्जातंतू आतल्या घोट्याच्या मागून, धमनी आणि कंडरांच्या सोबतीने तळव्यात उतरतो. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी मजबूत दोरी. डीप पेरोनियल मज्जातंतू सांध्याच्या अगदी समोर, पावलाच्या पाठीवर जाणाऱ्या धमनीला लागून, सांध्याच्या आवरणावरच टेकलेला असतो आणि शेवटी अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्यामधल्या बेचक्याला संवेदना देतो. सुरल मज्जातंतू पोटरीच्या मागून येतो, टाचेच्या हाडापासून सरासरी दहा सेंटिमीटर वर टाचेच्या मोठ्या कंडरेची कड ओलांडून बाहेर सरकतो आणि बाहेरच्या घोट्यामागून करंगळीच्या बाजूला पोचतो. सॅफेनस आतल्या घोट्याच्या पुढून, त्याच नावाच्या लांब नीलेच्या सोबतीने जातो. अत्यवस्थ रुग्णाला सलाईन देण्यासाठी याच जागी कातडी कापून नीला उघडण्याची पद्धत आपल्या सरकारी रुग्णालयांत दीर्घकाळ होती, आणि त्या व्रणाखाली पावलाच्या आतल्या कडेला बधिरपणा का येतो हे जुन्या डॉक्टरांना त्यातूनच उमगले होते.

उरलेला, सुपरफिशियल पेरोनियल, हा या शस्त्रक्रियेत सर्वाधिक जपावा लागणारा मज्जातंतू आहे. पायाच्या बाहेरच्या बाजूने स्नायूंमधून उतरून नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागात तो खोल आवरणाला छेदून कातडीखाली येतो, बाहेरच्या घोट्याच्या टोकाच्या साधारण साडेसहा सेंटिमीटर वर दुभागतो आणि त्याच्या दोन शाखा पावलाच्या पाठीवर पसरतात. हे वर्णन सरासरीचे आहे. प्रत्यक्षात कुणाच्या पायात तो बराच वर दुभागलेला असतो, कुणाच्या पायात बाहेरची शाखा जाड तर कुणात आतली, आणि त्यामुळे पुस्तकातल्या चित्रावर विसंबून एखाद्या विशिष्ट पायात छेद घेणे धोक्याचे ठरते. विच्छेदनकक्षात एकाच मृतदेहाच्या उजव्या आणि डाव्या पायांतही फरक दिसतो, हे ज्याने स्वतः पाहिले आहे तो शल्यचिकित्सक पुढे प्रत्येक पायाचा मज्जातंतू नव्याने शोधतो.

सुदैवाने शरीरात कातडीवरून डोळ्यांना दिसू शकणारा किंवा बोटांना लागणारा असा मज्जातंतू क्वचितच असतो, आणि हा त्यांपैकी एक आहे. पाऊल खाली ताणून तळवा आत वळवला आणि पायाचे चौथे बोट तळव्याकडे वाकवले की त्याची बाहेरची शाखा ताणलेल्या सुतळीसारखी कातडीखाली उठून येते; २००० साली स्टीफन्स आणि केली यांनी ही खूण प्रसिद्ध केली. उन्हात राबलेल्या, जाड झालेल्या कातडीवर ती नेहमी दिसतेच असे नाही, आणि लठ्ठ किंवा सुजलेल्या पायात मुळीच दिसत नाही. पण बोटाचे टोक आडवे हलके फिरवले तर ती पुष्कळदा बोटाखाली घरंगळते. अनुभवी शल्यचिकित्सक ही तपासणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर न करता आदल्या संध्याकाळी वॉर्डात, रुग्ण जागा असताना करतो, कारण बोट बरोबर जागी पडले की बोटांपर्यंत झिणझिणी गेल्याचे रुग्ण स्वतः सांगतो. मग पक्क्या शाईच्या पेनाने तिची रेघ आखली जाते. साध्या शाईची रेघ सकाळी स्पिरिट आणि आयोडिनने पाय पुसताना निघून जाते, आणि सांध्यात सलाईन भरून घोटा फुगल्यावर ती पुन्हा शोधणे शक्य होत नाही.

या रेघेविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, आणि ती न कळल्यामुळे खूण करूनही इजा होऊ शकते. रेघ आखताना पाऊल खाली ताणलेले आणि आत वळलेले असते, शस्त्रक्रियेत मात्र ते सरळ किंवा वर उचललेले असते, आणि पाऊल हलले की मज्जातंतूही कातडीखाली जागा बदलतो. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१० साली मृतदेहांवर केलेल्या मोजमापांत, पाऊल त्या ताणलेल्या स्थितीतून सरळ आणल्यावर मज्जातंतू सरासरी २.४ मिलिमीटर आणि पूर्ण वर उचलल्यावर ३.६ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकलेला आढळला. अर्थात कातडीवरची रेघ आणि खालचा मज्जातंतू एका जागी राहत नाहीत. छेद रेघेच्या बाहेरून घेतला तर तो नेमका मज्जातंतूवर पडण्याचा संभव असतो, आणि म्हणून बाहेरचे छिद्र रेघेच्या आतल्या बाजूला घ्यावे असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. तीन-साडेतीन मिलिमीटर हे अंतर ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु छेदच चार-पाच मिलिमीटरचा असतो.

मज्जातंतू बोटाने शोधण्याची ही विद्या विदर्भाला परकी नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेचे काम उभे केले, १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन सुरू झाले, आणि या भागातील कुष्ठरोगाच्या कार्यकर्त्यांनी पिढ्यानपिढ्या कोपरामागचा, गुडघ्याखालचा आणि घोट्याजवळचा मज्जातंतू बोटाने चाचपून जाड झाला आहे का हे ओळखण्याचे शिक्षण घेतले. कुष्ठरोगात मज्जातंतू सुजतो, जाड होतो आणि पुढे त्याची संवेदना जाते. म्हणून औषधोपचाराच्या काळातही हे चाचपणे सुटत नाही. नागपुरात शिकलेल्या अस्थिशल्यचिकित्सकाने ही सवय त्यांच्याकडून घ्यावी यात कमीपणा नाही. शिवाय तिची दुसरी गरजही आहे: पावलाच्या पाठीवर बधिर चट्टा शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच असू शकतो, तो कुष्ठरोगाचा असेल, मधुमेहाचा असेल किंवा कंबरेतल्या मणक्यांत दबलेल्या मज्जातंतूचा असेल. कापसाचा बोळा आणि बोथट टोक लावून पाचही मज्जातंतूंचे प्रदेश आधी तपासून कागदावर नोंदवलेले नसतील, तर नंतर आढळलेल्या बधिरपणाचा उगम सांगणे कुणालाच शक्य नसते.

प्रत्यक्ष प्रवेशाचा क्रम अनुभवाने ठरलेला आहे. पहिले छिद्र पुढे आतल्या बाजूला, पाऊल वर उचलणाऱ्या जाड कंडरेला अगदी लागून तिच्या आतून घेतले जाते. पाऊल वरखाली केल्यावर सांध्याच्या रेषेवर अंगठ्याला जो मऊ खळगा लागतो तीच ही जागा, आणि सॅफेनस मज्जातंतू व त्याची नीला तिथून आणखी आत, आतल्या घोट्याच्या दिशेने असल्याने कंडरेला चिकटून राहिले की ती वाचतात. आधी सुई घालून सांध्यात १५ ते २० मिलिलिटर सलाईन भरतात. सुई योग्य जागी असेल तर पाऊल आपोआप किंचित वर उचलले जाते. त्यानंतर ११ नंबरच्या पात्याने केवळ कातडी, तीही उभी, कापली जाते. उभी अशासाठी की मज्जातंतू उभे धावतात आणि आडवे पाते त्यांना छेदते. कातडीखाली पाते जाऊच द्यायचे नाही. तिथून पुढे मॉस्किटो या बारीक बोथट चिमट्याची टोके उघडत-मिटत आवरणापर्यंत वाट केली जाते, म्हणजे मज्जातंतू वाटेत आला तरी तो बाजूला सरकतो, तुटत नाही. आवरण भेदणारी सळीही बोथट टोकाचीच हवी. हे सर्व शिकवायला दहा मिनिटे लागतात, परंतु घाईच्या दिवशीही पाते कातडीवरच थांबवण्याची शिस्त अंगी बाणायला वर्षे जातात.

आतल्या छिद्रातून दुर्बीण आत गेली म्हणजे बाहेरचे छिद्र तिच्या साह्याने ठरवता येते. खोलीतले दिवे मंद करून दुर्बिणीचा प्रकाश बाहेरच्या कातडीवर आतून पाडला की कातडीखालच्या नीला काळसर दिसतात आणि त्या टाळता येतात. मज्जातंतू मात्र या प्रकाशात खात्रीने दिसत नाही, म्हणून ही युक्ती शाईच्या रेघेची जागा घेऊ शकत नाही. बोटे उचलणाऱ्या कंडरांच्या बाहेरच्या कडेला, रेघ टाळून, आधी सुई आत घातली जाते आणि तिचे टोक पडद्यावर हव्या त्या ठिकाणी दिसले तरच छेद घेतला जातो. पुढच्या बाजूला अगदी मध्यभागी, कंडरांच्या मधून तिसरे छिद्र घेण्याची पद्धत काही जुन्या पुस्तकांत आढळते. डीप पेरोनियल मज्जातंतू आणि धमनी त्याच्याच शेजारी असल्याने ते छिद्र नेहमीच्या कामात वापरू नये, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही.

सांधा उघडा कसा ठेवावा याबाबत मात्र दोन परंपरा आहेत. एका परंपरेत पावलाला पट्टा बांधून ते खाली ओढले जाते; पूर्वी यासाठी हाडांत खिळे घालत, ते आता जवळजवळ बंद झाले. दुसरी परंपरा नेदरलँड्सच्या निक व्हॅन डाइक यांच्या नावाशी जोडली जाते: तिच्यात पाऊल सतत ओढून न धरता वर उचललेले ठेवतात, त्यामुळे पुढचे आवरण सैल होऊन हाडापासून दूर जाते, समोरचा मज्जातंतू व धमनी उपकरणापासून लांब राहतात आणि टॅलसची कूर्चाही नडगीच्या हाडाखाली झाकली जाऊन ओरखड्यापासून वाचते. ओढ दिल्यास पुढचे आवरण हाडांवर ताणले जाते व मज्जातंतू पात्याजवळ येतो. त्यातून ओढीचा ताण मज्जातंतूंवरही पडतो, आणि तो साधारण १३५ न्यूटन, म्हणजे तेरा-चौदा किलो वजनाएवढा, व एक तासाच्या आत राहावा अशी मर्यादा मज्जातंतूंच्या वहनावरील प्रयोगांतून सुचवली गेली. पुढच्या बाजूच्या अडथळ्यासाठी, म्हणजे निंदणाला बसता न येणाऱ्या रुग्णाच्या नेहमीच्या विकारासाठी, दुसरी परंपरा स्पष्टपणे सरस आहे. सांध्याच्या मध्यावरील किंवा मागील कूर्चेचे काम असेल तेव्हा ओढ लागते, तीही तेवढ्यापुरती द्यावी आणि सोडावी.

आत पोचल्यावरही एक जागा अशी उरते जिथे डोळे उघडे असूनही इजा होते. पुढच्या आवरणाचे जाड अस्तर शेव्हर या फिरत्या, चोषण करणाऱ्या पात्याने काढताना पात्याचे तोंड हाडाकडे न ठेवता आवरणाकडे वळले, आणि चोषण जोरात असले, तर आवरण ओढले जाऊन पलीकडचा डीप पेरोनियल मज्जातंतू किंवा धमनी सापडू शकते. पात्याचे तोंड पडद्यावर दिसत नसेल तेव्हा ते थांबवायचे, एवढाच येथला नियम आहे.

मागच्या बाजूने प्रवेश करण्याचे तंत्र व्हॅन डाइक व सहकाऱ्यांनी २००० साली मांडले तोवर घोट्याची मागची बाजू दुर्बिणीसाठी धोक्याची मानली जात असे. रुग्णाला पालथे झोपवून टाचेच्या मोठ्या कंडरेच्या दोन्ही कडांना, बाहेरच्या घोट्याच्या टोकाच्या पातळीच्या किंचित वर, दोन छिद्रे घेतली जातात; कंडरेला चिकटून राहिल्याने बाहेरचा सुरल मज्जातंतू टळतो, आणि पहिला चिमटा अंगठा व शेजारचे बोट यांच्यामधल्या बेचक्याच्या दिशेने नेल्याने आतला टिबियल मज्जातंतू टळतो. आत गेल्यावर अंगठा वाकवणारी कंडरा सापडेपर्यंत पाते फिरवायचे नाही. साहाय्यकाने रुग्णाचा अंगठा हलवला की ती पडद्यावर पुढेमागे सरकते, आणि तिच्या आतल्या बाजूला टिबियल मज्जातंतू व धमनी असल्याने ती कंडरा ही काम करणाऱ्याची हद्द ठरते. तळव्याची जवळजवळ सारी संवेदना त्या एका मज्जातंतूवर अवलंबून आहे. अनवाणी शेतात जाणाऱ्या माणसाचा तळवा बधिर झाला तर काट्याने झालेली जखम त्याला कळणार नाही, आणि अशा जखमांचे पुढे काय होते हे कुष्ठधामांत काम केलेल्यांना सांगावे लागत नाही.

प्रसिद्ध आकडे या क्रमाला पुष्टी देतात. कॅलिफोर्नियाच्या रिचर्ड फर्केल व सहकाऱ्यांनी १९९६ साली ६१२ घोट्यांचा आढावा घेतला तेव्हा गुंतागुंतींचे प्रमाण ९ टक्के आढळले, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या, म्हणजे २७, मज्जातंतूंच्या इजा होत्या: १५ सुपरफिशियल पेरोनियलच्या, ६ सुरलच्या, ५ सॅफेनसच्या आणि १ डीप पेरोनियलची. २०१२ साली ॲमस्टरडॅमहून १३०५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सतत ओढ न देण्याच्या पद्धतीने गुंतागुंतींचे एकूण प्रमाण ३.५ टक्के होते. हे दोन आकडे निरनिराळ्या काळांतले व निरनिराळ्या हातांचे असल्याने त्यांची सरळ वजाबाकी करू नये; परंतु कुठला मज्जातंतू आधी दुखावतो याविषयी शंका उरत नाही.

अशा आढाव्यांत पावलाच्या पाठीवरचा बधिर चट्टा बहुधा किरकोळ गुंतागुंत म्हणून मोजला जातो, आणि येथेच पावलाच्या दैनंदिन जीवनाचा प्रश्न उभा राहतो. बूट-मोजे घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला तो चट्टा क्वचित आठवतो. चप्पल घालणाऱ्याच्या पावलावर मात्र तिचा पट्टा सुपरफिशियल पेरोनियलच्या शाखांवरच टेकतो, आणि तिथे तुटलेल्या मज्जातंतूच्या टोकाला दुखरी गाठ आली तर चप्पल पायात सरकवणे हीच रोजची शिक्षा होते. जेवायला, भजनाला, पंगतीला मांडी घालून बसले की बाहेरचा घोटा व पावलाची बाहेरची कड जमिनीवर दाबली जाते, आणि सुरलला इजा झालेली असेल तर ती बैठक सुटते. बायकांच्या तोरड्या नेमक्या छिद्रांच्या पातळीवर रुळतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत आणि पाऊल व जंघा जोडणाऱ्या गुल्फ मर्माला दुखापत झाल्यास वेदना, पायाची ताठरता किंवा लंगडेपणा येतो असे म्हणून ते मृत्यू आणणाऱ्या मर्मांपासून वेगळ्या, वेदना देणाऱ्या मर्मांच्या वर्गात ठेवले आहे. वेदना हीच स्वतंत्र हानी मानणारी ती दृष्टी आधुनिक कोष्टकांनीही स्वीकारावी असे वाटते. संमतिपत्रावर सही घेताना मज्जातंतूची इजा संभवते एवढे छापील वाक्य वाचून दाखवणे पुरेसे नाही. चप्पल, मांडी आणि तोरड्या यांच्या भाषेत ते सांगितले तरच रुग्णाला कळते.

शस्त्रक्रियेनंतरची तपासणी ही त्यामुळे औपचारिकता नव्हे. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया पुष्कळदा पाठीत इंजेक्शन देऊन होते, आणि तिचा अंमल पूर्ण उतरल्यावरच संवेदना पाहण्याला अर्थ असतो. दुखणे कमी व्हावे म्हणून घोट्याभोवती बधिरीकरणाचे औषध टोचले असेल तर तेही ध्यानात घ्यावे लागते. छिद्र शिवताना टाका केवळ कातडीत असावा आणि वरची पट्टी करकचून बांधू नये, कारण वाचलेला मज्जातंतू टाक्यात किंवा पट्टीखाली सापडण्याचे प्रकारही घडतात. दुसऱ्या सकाळी बधिरपणा आढळला तर घाबरण्याचे कारण बहुतेकदा नसते: ताणला किंवा दबला गेलेला मज्जातंतू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो, ज्याचे आतले तंतू तुटले पण आवरण शाबूत राहिले त्याची वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने होते, आणि व्रणावर टिचकी मारल्यावर झिणझिणी कुठवर जाते ती जागा दर भेटीत पुढे सरकत असेल तर मज्जातंतू वाढतो आहे असे समजावे. ती एकाच जागी अडून राहिली आणि तिथे दुखरी गाठ लागली तर पुढचा उपाय वेळेवर करता येतो.

अडचण अशी की तिगाव किंवा सौंसरहून नागपूरला पुन्हा यायचे म्हणजे लांबचा प्रवास आणि बुडालेली मजुरी. उकिडवे बसता येऊ लागले की रुग्ण समाधानी असतो, आणि थोडासा बधिरपणा असायचाच असे मानून गप्प राहतो. शल्यचिकित्सकही तो आला नाही म्हणजे बरा झाला असे धरून चालतो. म्हणून ज्यांच्या घोट्यावर अशी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना एवढेच सांगणे आहे: टाके काढायला याल तेव्हा पावलाच्या पाठीवर, कडेला, बोटांच्या बेचक्यात कुठे बधिर लागते, चप्पल कुठे बोचते, मांडी घालताना कुठे झिणझिणी येते हे न विचारताही सांगा, आणि तीन महिन्यांनी ते तसेच असेल तर एक फेरी अवश्य करा. आणि जे तरुण शल्यचिकित्सक हे काम शिकत आहेत त्यांनी आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन रुग्णाचे चौथे बोट वाकवावे, रेघ आखावी, आणि ती आखल्याशिवाय सकाळी पाते हातात घेऊ नये.